पावनीचा खांदा

...नाय गो अक्षदा, 'बिचारी' नको लिवूस. खोड ते. गरीब व्हती धोंडी, बिचारी नव्हती. बिचारी मानसं गप बसतात, आन धोंडीला गप बसलेली मी एकदाच बघितली, ते पुढं सांगते. तू आपलं मी बोलते तसं लिवत जा. मला लिवता आलं असतं तर तुला कशाला बसवली असती.

तर धोंडीबाई. वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला आपली वाडी, आन वाडीच्या बी वर, घाटाच्या बाजूला तिचं खोपट. नवरा बुधू लगनाच्या दुसऱ्या साली घाटावर कामाला गेला आन तिकडंच दुसरी करून राहिला. पोर नाय, सासू नाय. भाऊ एक, भगीरथ. तो शहापूरला, हायवेच्या कडंला जर्सी गाया ठेवून दुधाचा धंदा करायचा. म्हंजे घरात बोलायला कोन, तर कूड. म्हनून ती बाहेर बोलायची.

तिचं काम काय, तर गोचिडं काढायची. हसतेस काय? काम व्हतं ते. आमच्या टायमाला दर घरात पाच-सात ढोरं. उन्हाळा लागला की गोचिडं अशी धरायची, कानामागं, शेपटाखाली, आचळाच्या बाजूला, एरंडाच्या बियांवानी टम्म. घरच्या बायांना हात कुठं रिकामा? मंग धोंडी यायची. हातात करवंटी, करवंटीला बांबूची दांडी, आत घोटभर राकेल. गोचीड उपटायचं नाय, पिरगळायचं. उपटलं तर तोंड आत राहतं आन तिथं पिकतं. आन नखावर चिरडायचं तर अजाबात नाय, राकेलात टाकायचं. कोनी चिरडलं तर ती अशी बघायची जसं काय तिच्या ताटात थुकलं. बदल्यात काय, तर कोपभर चहा, कुठं पसाभर वाल, कुठं ताकाचा तांब्या. तिला ते बी नको व्हतं. तिला घर पायजे व्हतं, तासभर का व्हईना.

आन ती बोलायची गाईशी. समदी बातमी गाईला. कोनाला टोमना मारायचा असला तरी गाईलाच सांगायची. एकदा वाडीतल्या लखमाच्या गोठ्यात बसल्ती. लखमा वटीवर बिडी वढत व्हता. ही गाईला म्हनते, "बघ गो बायो, तुज्या धन्याला म्हसा गावच्या जत्रेत नवी घोंगडी मिळते, तुज्याखालचा चिखल काढायला फावडं नाय मिळत."

लखमा म्हनला, "धोंडे, ऐकतोय मी."

"मंग काय झालं? मी तुज्याशी बोलते व्हय? मी हिच्याशी बोलते."

"तिला काय कळतं?"

"तुज्यापरास जास्ती. ती शेन तरी एका जाग्यावर टाकते."

अशी. ती आली की दोन घरं पलीकडं कळायचं. आता मी वटीवर बसते तर नुसता रस्त्याचा आवाज येतो, मालशेजच्या गाड्यांचा. असो.

तू रांगत व्हतीस ते साल. भाऊबीजेला भगीरथ आला. दर साली यायचा नाय, त्या साली आला, टेम्पो घेऊन. टेम्पोत कालवड. वरसाची व्हती, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, डोळे असे मोठ्ठे. तो म्हनला, "आक्का, मी गोठा मोडतोय, तिथं गाळे बांधायचेत. ही तुला ओवाळणी." धोंडीनं त्याला ओवाळलं, मंग कालवडीला ओवाळलं. भगीरथ चहा पिऊन गेला, परत काय फिरकला नाय. पन धोंडी म्हनायची, "भावानं मानूस दिलं मला." कालवडीचं नाव ठेवलं पावनी. लोक म्हनायचे, आता पावनी किती दिस राहनार? ती म्हनायची, "माज्याकडं आलेला पावना जात नाय, जागाच नाय त्याला जायला."

आमची ढोरं समदी गावठी. ही शहापूरची, जर्सीची. हिला पेंड लागायची, हिला सावली लागायची. धोंडी सवता खाय नाय आन हिला कोंडा कालवी. घरोघर गोचिडं काढून आली की पावनीपाशी बसायची आन दिसभराची बातमी परत पयल्यापासनं सांगायची. आता तिला घरी बी ऐकनारं व्हतं ना.

आता जे सांगते ते कोनाला ठावं नाय. तुझ्या बापाला बी नाय. लिव.

त्याच पूस महिन्यात तुझा आजोबा म्हशाच्या ढोरांच्या जत्रंला गेला. तुझा आजोबा दामू म्हंजे ढोरांतला जानता. बैलाच्या चालीवरनं त्याची आई सांगायचा. लोक जत्रंत त्याला बरोबर न्यायचे. त्याला बी जर्सीची हौस सुटली. एक गोऱ्हा बघितला, दोन दातांचा बी नाय, पन खांद्याम्होरं भरलेला. इकनाऱ्यानं तुझ्या आजोबाचा हात धरून तिथं ठेवला, "बघा दामूशेट, खांदा बघा." आमच्यात बैल बघायचा तर खांदाच बघतात. भरला खांदा म्हंजे कामाचा. आनला. गोठ्यात डाव्या कोपऱ्यात बांधला, कुडाच्या कडंला. सातव्या दिशी मेला. खाय ना, धापा टाकी, आन खांद्याम्होरं ती गाठ मुठीएवढी झाल्ती. तुझ्या आजोबानं हात लावला, तवा त्याला कळलं की तो खांदा नव्हता, गाठ व्हती. इकत घेतला तवाच व्हती.

मला म्हनला, "पोट फुगून मेला म्हनून सांग. वालाचा पाला खाल्ला म्हनावं."

मी म्हनले, "कशाला?"

"दामूनं गाठ इकत आनली असं पुढल्या जत्रंत लोक म्हनतील, तवा तू ऐकून घेशील?"

मी सांगितलं समद्यांना, पोट फुगलं. धोंडीला बी सांगितलं. ती माझ्यासाठी रडली बघ.

चैतात भगीरथाच्या बायकोचं दुखनं निघालं. धोंडीला निरोप आला, आठ दिस रांधायला ये. पावनीला कुठं ठेवायची? माझ्याकडं आनली. "मैने, तुज्याबिगर कोनाच्या हवाली करीन नाय." गोठ्यात रिकामी जागा एकच व्हती, तो डावा कोपरा. मी तिथंच बांधली. मनात आलं नाय असं नाय. पन म्हनले, तीन-चार महिने झालं, जागा सारवली, आता काय हाय तिथं? गेलेल्या ढोराची गाठ काय कुडाला चिकटून राहते?

धोंडी आली, पावनीला घेऊन गेली. पंधरा दिस गेलं असतील. पान्याच्या डबक्यावर ढोरं आनल्ती समद्यांनी. लखमा पावनीकडं बघून म्हनला, "धोंडे, काय चारतेस गो हिला? खांदा भरला हिचा."

धोंडी हरखली. हात फिरवला खांद्याम्होरं. "भरला का रे? मला वाटलंच. कोंडा लागला अंगाला. वाढतेय माजी बाय."

"बैल असती तर दामूनं इकत घेतली असती. काय रे दामू?"

तुझा आजोबा खाली पान्यात बघत व्हता. माझ्याकडं बी बघितलं नाय. आन मी काय म्हनले ठाव हाय? धोंडी माझ्याकडं बघून हसत व्हती, म्हनून मी म्हनले, "व्हय, चांगली भरलेय."

तीन दिस ती त्याच खुशीत. भेटंल त्याला सांगी, पावनीनं अंग धरलं. चवथ्या दिशी पावनी कोंड्याला तोंड लावंना. डोळ्यातनं पानी, नाक कोरडं, अंग तव्यावानी. गाठ दोन्ही बाजूला. लखमा म्हनला, विळा तापव आन डाग दे, जू लागून गाठ येते तिला आमी तसंच करतो. धोंडी म्हनली, "हिच्या मानंवर जू कधी पडलंय रे? आन भरल्या खांद्याला डाग देतात व्हय?" अजून तिला तो खांदाच वाटत व्हता बघ. पन अंगाला हात लावून भ्याली. तशीच उनाची वैशाखऱ्याला उतरली, एसटी धरली, मुरबाडला ढोरांच्या डाक्टरच्या दारात जाऊन बसली. म्हनली, तुमी निघाल्याबिगर मी उठनार नाय. डाक्टर तिला फटफटीवर मागं बसवून घेऊन आला. वाडीत पयल्यांदा कोनी बाई फटफटीवर बसून आली ती धोंडी, आन तिला त्याचं काय बी नव्हतं.

आमी समदी जमलो. तो डाक्टर तरना व्हता, चष्मेवाला. गाठ दाबून बघितली, ताप बघितला, मंग इचारलं, "गोचिडं असतात का हिच्या अंगावर?"

धोंडीला झोंबलं. "माज्या गाईवर? साएब, ह्या वाडीतल्या समद्या गोचिडांचा काळ हाय मी."

त्यानं पावनीचं शेपूट वर केलं. आतल्या अंगाला, कातडीच्या घडीत, दोन व्हती. काढून हातावर घेतली आन तिला दाखवली.

तवा ती गप झाली. हीच ती येळ.

डाक्टरनं मंग समजावलं. मानूस चांगला व्हता, धोंडीला समजंल असं बोलला. म्हनला, "मावशी, गोचिडाच्या थुंकीत एक जीव असतो, डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. तो हिच्या रक्तात जातो. आता अंगात राखणदार असतात. चोर आला की त्यांना हाक जाते, वाढा रे, पुष्कळ व्हा. ते वाढतात, चोराला मारतात, मग हाक थांबते आणि तेही थांबतात. बरोबर?"

धोंडी मान हलवी.

"हा चोर फार हुशार. तो राखणदाराच्याच पोटात जाऊन बसतो आणि आतनं तीच हाक देत राहतो. वाढा, वाढा. राखणदाराला वाटतं हाक आपलीच. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. आणि राखणदार फुटून दोन होतो तेव्हा चोरही फुटतो, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. त्याला स्वतःला काही मेहनत नाही. हिची वाढायची ताकद तो आपल्या कामाला लावतो. ही गाठ म्हणजे तेच. खांद्याजवळ राखणदारांचं कोठार असतं, तिथं त्यांची नुसती गर्दी, आणि प्रत्येकाच्या पोटात चोर."

धोंडीनं गाठीवर हात ठेवला. मंग हळू म्हनली, "म्हंजे तिला वाटतंय आपन वाढतोय."

"तिला नाही, तिच्या रक्तातल्या पेशींना."

"तेच ओ." आन मंग म्हनली, "मला बी तेच वाटलं."

डाक्टरनं इचारलं, मागच्या महिन्यात ही दुसऱ्या कुठल्या गोठ्यात होती का? धोंडी म्हनली, "मैनीकडं व्हती आठ दिस. पन तिची ढोरं गावठी, त्यांना कधी काय झालं नाय."

"गावठी जनावरांना हा ताप बहुतेक बाधत नाही. बाहेरचं कुठलं आलं होतं का तुमच्याकडं?"

धोंडीच म्हनली, "एक गोऱ्हा आनल्ता म्हशावरनं, पोट फुगून गेला बिचारा."

डाक्टर माझ्याकडं वळला. "त्याच्या खांद्याजवळ गाठ होती का?"

तुझा आजोबा माझ्या मागं उभा व्हता. मला त्याचा श्वास ऐकू येत व्हता.

मी म्हनले, "नाय."

येवढंच. एक शबुद. डाक्टर म्हनला, ठीक आहे, कुडाच्या फटीत गोचीड चार-चार महिने उपाशी बसून राहतं, कुठूनही येऊ शकतं. धोंडीनं इचारलं, "मी दहा गोठ्यांत बसते साएब. माज्या लुगड्यातनं आलं असंल?" तो हात धूत व्हता. म्हनला, "येऊ शकतं."

झालं. ते तिनं धरलं ते धरलं.

त्यानं मानंत सुई दिली, लाल औषध. म्हनला, हे राखणदाराला हात लावत नाही, आतल्या चोराला मारतं, हाक बंद झाली की गर्दी आपोआप पांगते. पन उशीर झालाय, बघू. दोन दिस पावनी उठली नाय. धोंडी तिच्या मानंखाली मांडी देऊन बसल्ती. मी भाकर घेऊन गेले तर माझ्याकडं न बघता म्हनली, "मैने, मीच आनलं गो. साऱ्या जगाची गोचिडं काढली आन माज्या लेकीला लुगड्यातनं घेऊन आले."

माझ्या तोंडाशी आल्तं, अक्षदा. भाकर ठेवली आन आले निघून. घरी तुझा आजोबा म्हनला, "बोललीस?" मी म्हनले, "नाय." तो म्हनला, "बरं केलंस." मंग दोघं जेवलो. काय जेवलो आठवत नाय.

तिसऱ्या दिशी पावनीनं पानी घेतलं. आठ दिसांत गाठी बसल्या. खांदा परत सपाट झाला, हाडकुळा. धोंडी त्या सपाट खांद्यावरनं हात फिरवी आन हसं. ढोराचा खांदा उतरला म्हनून खूष झालेली बाई मी तेवढी एकच बघितली.

डाक्टर परत येऊन बघून गेला. जाताना म्हनला, ही वाचली, हिला हा ताप सहसा पुन्हा येणार नाही, पण त्याचं बीज अंगात राहतं. हिच्यावरचं गोचीड दुसऱ्याच्या जर्सीवर जाऊ देऊ नका. त्यानं गोचिडाचं सांगितलं. धोंडीनं ते सवतावर घेतलं.

त्या साली वाडीत आनखी दोघांनी जर्सी आनल्या. आन धोंडीनं गोठे सोडले. दिवाळीतल्या वाघबारशीला समद्या बाया आपल्या अंगनात जमलेल्या, ती कुंपनाच्या बाहेर उभी. मी म्हनले, ये ना आत. म्हनली, "नको. लुगड्याला असतंय. एकदा आनलं, आता नेईन बी." लुगडी कढत पान्यात घालून घालून पार इरली व्हती, तरी आत येईना. चहा दिला तर कुंपनावरनं घ्यायची, पिऊन कोप दगडावर ठेवायची. बोलायला बी लांबनं, म्हनून मंग थोडकंच. लखमा म्हनला, "जर्सीवाली झाली, आता आपल्या गोठ्यात बसंल व्हय?" लोकांना ते पटलं. समजवायला मी व्हते, पन मी काय समजवू? समजवायचं तर पयल्यापासनं समजवायला लागलं असतं.

मंग मुरबाडच्या दुकानात गोचिडाची पावडर मिळायला लागली. मंग ढोरंच कमी झाली. पोरं कामाला जायला लागली, गोठ्यात आता एकली कपिला गाय आन तुझ्या बापाची मोटारसायकल. धोंडीचं कोनाला काम राहिलं नाय. पावनी पाच-सहा येळा व्याली, धोंडी वैशाखऱ्याच्या हाटेलात दूध घालायची, जाताना आपल्या कुंपनाच्या खुंट्यावर माझ्यासाठी तांब्या अडकवून जायची. हाक मारायची नाय. मी बाहेर येईस्तवर वळनावर गेलेली असायची. बारा वरसं. येवढं जवळ घर आन बारा वरसं.

तुझा आजोबा गेला तवा ती आल्ती. तिथंच, कुंपनापाशी, दिसभर बसून व्हती. मी आतनं बघत व्हते. त्याच्या जिवात जीव व्हता तवर मला बोलता आलं नाय, आन तो गेल्यावर वाटलं, आता त्याच्या मागं त्याचं नाव कशाला काढू. असं करता करता माझे गुडघे गेले.

आन परवा तुझा बाप कामावरनं आला आन सांगितलं, पावनी गेली. म्हातारी झाल्ती, काय दुखनं नाय. लखमानं खड्डा खनला म्हनं. मी दोन दिस वाट बघते. म्हनले, आता गाय नाय, आता गोचीड बी नाय, आता येईल कुंपनाच्या आत. पन खुंट्यावर तांब्या नाय, आन ती बी नाय. तिला अजून वाटतंय ते तिच्याच लुगड्यात हाय.

म्हनून हे लिवून घेतलं. गोऱ्ह्याची गाठ लिवलीस ना? डावा कोपरा लिवलास? आन मी "नाय" म्हनले ते? ते खोडू नकोस, कसंबी दिसू दे.

उद्या शाळा सुटली की वर जा. तिला धोंडीआजी म्हन, पाया पड, आन हे समदं वाचून दाखव. मधी थांबू नकोस, ती रडली तरी. रागावली तर रागावू दे, ऐकून घे आन मला येऊन सांग काय म्हनली. आन गोठ्यात वाशाला करवंटी अडकवलेली हाय बघ, दांडीची, मोटारसायकलच्या वर. तिचीच हाय, तिनं गोठे सोडले त्या उन्हाळ्यापासनं तिथंच हाय, मी कोनाला हात लावू दिला नाय. ती पुसून तिच्या हातात दे. म्हनावं, आमची एक कपिला राहिलेय, तिच्या कानामागं गोचिडं झाल्यात, मैनीला आता डोळ्यांनी दिसत नाय. राकेल मी काढून ठेवते म्हनावं.